मारुतीआप्पांना विचारलं नव्हतं

स्वरूपा मुचंडीकर आमच्या केंद्रात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल होती आणि त्यात एकाच मजकुराचे तीन कागद. एक मराठीत, एक कन्नडमध्ये आणि तिसरा परत मराठीतच, पण मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. मी विचारलं, "हा तिसरा कशाला?"

"हा वाचायला, मॅडम. पेपरवाल्यांना बारीक अक्षर चालतं. तुम्ही माइकपुढं बसून वाचणार. श्वास घ्यायला जागा पायजे न्हवं?"

तेव्हा मला रेडिओवर बोलायला लागून सात वर्षं झाली होती. प्रेस नोट घेऊन येणारे पुष्कळ पाहिले होते. माझ्या श्वासाचा विचार करणारी ही पहिली.

आमचं केंद्र लहान. बेळगाव आणि आजूबाजूची पाचपंचवीस गावं, एवढ्यापुरताच त्याचा आवाज पोचतो. रोज सकाळी साडेदहाला मी 'आपला परिसर' वाचते. बातम्या द्यायची आम्हाला परवानगी नाही. पण कुठं शिबिर आहे, कुठं शिवणक्लास सुरू होतोय, कुठल्या दुकानात काय नवीन आलंय, अशी माहिती देता येते. स्वरूपाला हे सगळं माहीत होतं. तिची नोट कधी सत्तर शब्दांच्या वर गेली नाही. फोन नंबर दोनदा असायचा, दुसऱ्यांदा दोन-दोन आकडे सुटे करून. मराठी कागदावर बेळगाव, कन्नड कागदावर बेळगावी. यात चूक झाली की कोण ना कोण दुखावतं, हे तिला शिकवावं लागलं नाही.

ती शहापूरची. वडिलांचे, नागोजींचे, दोन पावरलूम होते. ती बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते विकले गेले, आणि नागोजी एका गोदामात राखणदार म्हणून लागले. स्वरूपा खडेबाजारातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलं टाइप करायची. तिथं येणारे दुकानदार म्हणायचे, "जरा पेपरातबी येईल असं करा की." रेडिओचं नाव कुणी काढायचं नाही. स्वरूपाच्या मनात आलं, आपल्या गल्लीत शिंपी रेडिओ ऐकतो, न्हावी ऐकतो, शेंगा फोडत बसलेल्या बायका मोबाइलवर ऐकतात. आणि दुकानदारांना याचा पत्ताच नाही. छापखाना सोडून तिनं हाच धंदा सुरू केला. वडगावची एक बेकरी, खानापूरचा शिवणक्लास, निपाणीचं बियाण्यांचं दुकान, अशी गिऱ्हाइकं जमली. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर आणि धारवाड, चार ठिकाणी तिच्या नोटा जायच्या. निपाणीला दर गुरुवारी ती बसनं स्वतः जायची. मी म्हटलं, "ईमेल कर की गं." तर म्हणाली, "ईमेल कोण उघडत न्हाय आक्का. माणूस दारात उभारलं की दार उघडतात."

मॅडमची आक्का मी केव्हा झाले ते आठवत नाही.

एकदा तिनं एका चादरीच्या दुकानाची नोट आणली होती. स्वच्छ, नेटकी, पण कोरडी. मी तिला म्हटलं, "स्वरूपा, सगळं बरोबर आहे, पण कानात राहत नाही. एखादं माणूस घाल यात. नाव घाल. ऐकणाऱ्याला दुकान आठवत नाही, माणूस आठवतो." तिनं मान डोलावली आणि फाइलच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहून घेतलं.

हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात मी अनेकदा दुसरीकडं शोधली आहे आणि दरवेळी इथंच येऊन थांबले आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीत, लग्नसराईच्या तोंडावर, खडेबाजारातल्या एका साड्यांच्या दुकानाची नोट ती घेऊन आली. दुकानाचे मालक दिग्विजयशेठ. तिच्या आजवरच्या गिऱ्हाइकांत हे सगळ्यात मोठं. नोट अशी होती:

"शहापूरच्या गल्लीत आजही पहाटे माग वाजतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे मारुतीराव आजही खड्डामागावर बसतात आणि आपल्या हातानं साडी विणतात. अशा विणकरांच्या हातच्या शहापुरी साड्या आता खडेबाजारात, लग्नसराईच्या खास दालनात…"

वाचताना माझा आवाज आपोआप मऊ झाला. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "आता कशी जमली बघ!" ती हसली, पण नेहमीसारखी थांबली नाही, चहाही न घेता गेली.

खरं काय होतं ते तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. दिग्विजयशेठ म्हणाले होते, "शहापूरची हातमागाची साडी असं येऊ दे." हिनं विचारलं, "कुठल्या विणकराकडून घेता?" शेठ म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? शहापूरचं नाव घाला, बाकीचं मी बघतो." समोर साड्यांची चळत होती. स्वरूपा मागाच्या घरात वाढलेली. वरच्या साडीचा काठ तिनं दोन बोटांत धरला आणि तिला तिथंच कळलं की हे कापड यंत्रावरचं आहे, आणि शहापूरचंही नाही. कळलं, तरी ती काही बोलली नाही. घरी येऊन नोट लिहायला बसली आणि नाव पाहिजे म्हणून तिला मारुतीआप्पा आठवले.

मारुतीआप्पा तिच्याच गल्लीतले, तिच्या घरापासून सहावं घर. ती शाळेत जायची तेव्हा त्यांच्या खिडकीतून मागाचा खटका ऐकू यायचा. त्या आवाजावरून ती ओळखायची, आज उशीर झालाय की नाही. पण तो माग अठरा वर्षांपूर्वीच बंद झाला होता. मागाचा खड्डा फळ्या टाकून झाकला होता, त्यावर खाट आली होती. लाकडं माळ्यावर गेली होती. मधली काही वर्षं आप्पांनी एका देवळाबाहेर चपला सांभाळल्या, मग गुडघे गेले आणि ते घरीच बसले.

"लिहिताना खोटं वाटलंच न्हाय आक्का," ती मला म्हणाली. "माझ्या कानात त्यांचा माग वाजतच हुता."

नोट वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीआप्पा काठी टेकत तिच्या दारात आले. हातात मिठाईच्या दुकानातला पाव किलो कुंद्याचा पुडा. स्वरूपाला वाटलं, म्हातारा भांडायला आलाय. पण आप्पांचा चेहरा उजळलेला होता. आत येऊन ते नागोजींना म्हणाले, "नागोजी, तुझ्या लेकीनं मला रेडिओवर नेलं की रं! मालू भाकरी थापत हुती. तिनं आयकलं, तशीच पिठाच्या हातानं भायेर आली. म्हणाली, अवो, तुमचं नाव सांगाय लागल्यात."

स्वरूपा म्हणाली, "आप्पा, ते मी जरा… असंच लिवलं."

"ऱ्हाऊ दे गं. आजूनबी विणतोय म्हणालीस, लई बरं वाटलं. इतकी वर्सं कोण म्हणालं न्हवतं." त्यांनी स्वतः कुंद्याचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. "आता लोक इचारतील. कायतरी करायला पायजे."

तो तुकडा तिनं तोंडात टाकला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली. तो क्षण होता. "आप्पा, मी खोटं लिहिलं, तुम्हाला न विचारता लिहिलं, माझं चुकलं," एवढं म्हणायचं होतं. वडील समोर होते, आप्पा खुशीत होते. ती म्हणाली नाही. म्हातारा आनंदात आहे तर आपण कशाला मोडता घालायचा, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

लोक खरंच विचारत आले. आधी गल्लीतली दोघंचौघं, मग कुणी कॉलेजच्या मुली मोबाइल घेऊन. आणि एक दिवस निपाणीहून माधवीबाई आल्या. त्या शाळेत शिक्षिका. मुलीचं लग्न एप्रिलमध्ये ठरलं होतं. नोट त्यांनी निपाणीत ऐकली होती. दुकानातून घेण्याआधी ज्या हातांनी साडी विणली ते हात एकदा बघावेत, जमलं तर मुलीच्या नावानं त्यांना नारळ द्यावा, एवढ्यासाठी त्या विचारत विचारत शहापूरच्या गल्लीत पोचल्या. आप्पा तेव्हा घरी नव्हते. दारात मालुबाई होत्या, आप्पांची बायको. आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई. ती म्हणाली, "आज माग बंद हाय. दुरुस्तीला काढलाय." माधवीबाईंनी नारळ तिच्या ओटीत घातला, दुकानात जाऊन साडी घेतली आणि निपाणीला परतल्या.

मालुबाईंनी संध्याकाळी आप्पांना सगळं सांगितलं. "मला खोटं बोलाय लागलं," म्हणाल्या. सकाळी उठून आप्पांनी खड्ड्यावरची खाट बाहेर काढायला लावली.

यातलं स्वरूपाला काहीच ठाऊक नव्हतं. कारण तिनं रस्ता बदलला होता. आप्पांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून ती मागच्या बोळातून स्कूटर ढकलत मुख्य रस्त्याला काढायची. नागोजींनी विचारलं तर म्हणायची, "पुढं गटारीचं काम चाललंय." वडिलांशीही फार बोलायची नाही. केंद्रात यायची, कागद द्यायची, जायची. मला वाटलं, कामं वाढली असतील.

पाचएक आठवडे गेले. एका सकाळी केंद्रात फोन आला. माधवीबाई बोलत होत्या. आमच्यासकट चारही केंद्रांना त्यांनी फोन केला होता. साडीच्या आतल्या घडीत सुरतेच्या गिरणीचा कागदी शिक्का चिकटलेला निघाला होता. त्या चिडलेल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाल्या, "मी शिक्षिका आहे. मुलांना सांगते, रेडिओवर ऐकलं ते खरं धरा, फोनवर आलेलं धरू नका. आता काय सांगू?"

मी स्वरूपाला बोलावून घेतलं. ती आली, खुर्चीत बसली आणि मी काही विचारायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं. साडीचा काठ, आप्पांचं नाव, कुंदा. एकदाही रडली नाही. शेवटी म्हणाली, "दुरुस्ती देऊया आक्का. आत्ताच्या आत्ता. मी लिहिते."

तिथंच माझ्या टेबलावर तिनं लिहिलं. आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, मोघम नको, नाव घेऊन स्पष्ट लिहा. ज्या नावानं चुकलं त्या नावानंच दुरुस्त झालं पाहिजे. मलाही पटलं. मजकूर असा झाला:

"मागील महिन्यात दिलेली माहिती चुकीची होती. शहापूरचे मारुतीराव यांनी गेल्या अठरा वर्षांत मागावर काम केलेलं नाही. संबंधित साड्या त्यांनी विणलेल्या नाहीत. या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

साडेदहा वाजत आले होते. आप्पांना हे कळवलंस का, असं मी तिला विचारू शकले असते. मध्ये दहा मिनिटं होती आणि तिच्याकडं स्कूटर होती. मला ते सुचलंच नाही. मी हेडफोन चढवले आणि वाचलं.

बाहेर आले तेव्हा ती काचेपलीकडं उभी होती. म्हणाली, "हलकं वाटाय लागलंय." उरलेल्या तिन्ही केंद्रांना तिनं तिथूनच मजकूर पाठवला, प्रत्येकाला फोन करून वाचून घेतला. दिग्विजयशेठचा फोन आला तोही माझ्यासमोरच घेतला. ते काय काय बोलले ते तिनं मला सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "त्यांचं काम गेलं. जाऊ दे." मग आम्ही दोघींनी डबा खाल्ला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

संध्याकाळी नागोजी कामावरून आले. चपला न काढता दारातच उभे राहिले.

"तू आप्पाच्या घरात गेलतीस?"

"न्हाय. का?"

"आणि त्याचा माग? तोबी बघितला न्हाईस?"

"कसला माग, बाबा?"

नागोजी खाली बसले. "अगं, पंधरा दिस झाले म्हातारा मागावर बसतोय. माळ्यावरची लाकडं काढली, रवळू सुतारानं घासून जोडून दिली. सगळी गल्ली बघून आली. मला वाटलं तुला ठाव हाय. तुझ्यामुळंच बसला की तो! दीड हात विणून झालंय. आणि आज तू रेडिओवर सांगितलंस, तो विणत न्हाय म्हणून."

स्वरूपा मला म्हणाली, त्या वेळी तिला वडिलांचं तोंड हलताना दिसत होतं, पण शब्द मागाहून पोचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुढच्या रस्त्यानंच गेली. मालुबाई उंबऱ्यात शेंगा निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली. "ये बाई. आज सापडली व्हय तुला वाट?"

आतल्या खोलीत माग उभा होता. फळ्या काढून खड्डा मोकळा केलेला. मागाची जुनी फणी आप्पांनी अठरा वर्षं ट्रंकेत जपली होती. शेवटच्या साडीच्या सुताची टोकं तिच्यात तशीच ठेवली होती, कारण नवा ताणा, म्हणजे उभे धागे, त्याच टोकांना एकेक करून बांधायचा असतो. वडगावातून आणलेल्या नव्या ताण्याचे दोन हजारांवर धागे आप्पांनी आणि मालुबाईंनी मिळून बांधले होते. आप्पांना बारीक दिसत नाही. मालुबाई टोक त्यांच्या चिमटीत द्यायच्या आणि ते गाठ मारायचे. या कामाला दहा दिवस लागले होते. मागावर दीड हात कापड होतं, गर्द जांभळं, लाल काठाचं. आडवं सूत नेणारा धोटा त्याच्यावर पडून होता.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते. स्वरूपा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"आप्पा, माझं चुकलं. मला म्हाईत न्हवतं."

"काय म्हाईत न्हवतं?"

"तुम्ही विणाय लागलासा ते."

"सहावं घर हाय गं तुझं," आप्पा म्हणाले.

आप्पा पुढं बोलले ते हळू आवाजात, रागावून नाही. "पयलं लिवलंस ते खोटं हुतं. मला ठाव हुतं. मी म्हटलं, पोरीनं चांगलं म्हणून लिवलंय, मग आपून ते खरं करून दावायचं. मालूबी खोटी पडायला नगं. म्हणून बसलो. काल दुसरं लिवलंस, तवर तेबी खोटं झालतं. दोन डाव माझं नाव घातलंस. एक डावबी इचारलं न्हाईस."

"आप्पा, मी परत लिहिते. तुम्ही सांगाल तसं. खरं काय ते सगळं."

"नगं." त्यांनी हात हलवला. "आता माझं नाव कुटंबी घालू नगं."

मालुबाई दारातून म्हणाल्या, "काल साडेधापासनं शिवलं न्हाईत मागाला. चार माणसं बसलीती बघाय. त्यांच्यापुढंच वाजला रेडिओ. एकानं इचारलं, मग आप्पा, ह्ये काय करायलाय? ह्ये उठलं आणि भायेर जाऊन उभारलं."

चूक झाल्याचं कळणं वेगळं आणि आपण प्रामाणिकपणे केलेली दुरुस्तीही चूकच होती हे कळणं वेगळं. पहिल्या नोटेसाठी स्वरूपा दिग्विजयशेठना बोल लावू शकत होती, मला लावू शकत होती. दुसरी सर्वस्वी तिची होती. तीच लिहून तिला हलकं वाटलं होतं. तिनं मला नंतर विचारलं, "आक्का, मी ती दुरुस्ती आप्पांसाठी दिली का माझ्यासाठी?" मी काय सांगणार! मीही ती वाचून समाधानानं डबा खाल्ला होता.

ती निपाणीला माधवीबाईंच्या घरी गेली. त्यांच्यापुढं सगळं सांगितलं, साडी परत घेऊन दुकानाशी भांडायची तयारी दाखवली. माधवीबाईंनी तिला चहा दिला. म्हणाल्या, "मुलगी तीच साडी नेसणार आहे. मी तिला शिक्क्याचं सांगितलेलं नाही. शहापूरच्या एका आजी-आजोबांच्या हातची आहे असं ती मैत्रिणींना सांगत असते. आता तुम्हीही काही सांगू नका." म्हणजे तिथंही ती काही दुरुस्त करू शकली नाही. उलट आणखी एक खोटं तिच्याकडं सांभाळायला आलं.

मग तिनं एक काम सुरू केलं. रोज सकाळी सातला ती आप्पांच्या घरी जायची, मालुबाईंच्या शेजारी बसायची आणि धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळायची. हे काम तिला लहानपणी येत होतं, बोटं विसरली नव्हती. आप्पा तिच्याशी बोलत नसत. ती आली की ते अंगणात जाऊन बसत. मालुबाईंनीही पहिले काही दिवस तिला पाणी विचारलं नाही. आठनऊ दिवसांत टोपलं कांड्यांनी भरलं. मालुबाई म्हणाल्या, "पुरे कर बाई. विणणारं न्हाय आणि कांड्याच कांड्या."

स्वरूपा म्हणाली, "मग उद्यापासनं झाडलोट करते."

दुसऱ्या दिवशी ती पोचली तर आप्पा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. तिच्याकडं न बघता म्हणाले, "सूत वाया जायला लागलंय." एवढंच. मग धोटा टाकला.

ती साडी पुरी व्हायला श्रावण उजाडला. रोज घटकाभर काम. गुडघे सुजले की दोन-दोन दिवस बंद. जिथं काम अडलं होतं तिथं कापडावर एक आडवी रेघ उमटली होती. माग बरेच दिवस थांबला की अशी रेघ पडते आणि ती जात नाही. मालुबाई म्हणाल्या, निऱ्यांत झाकून जाईल. आप्पांची मुलगी मंगल लोंढ्याला दिलेली आहे. पंचमीला ती माहेरी आली तेव्हा साडी तिला दिली. त्यानंतर आप्पांनी माग बंद केला. आता होत नाही म्हणाले. या वेळी मात्र लाकडं माळ्यावर टाकली नाहीत, विकून टाकली.

आप्पा स्वरूपाशी आता बोलतात. पाऊसपाण्याचं, गुडघ्याचं, नागोजींच्या तब्येतीचं. पण पहिल्यासारखं नाही. तिनं एकदा सरळ विचारलं, "आप्पा, माफ केलासा का?" ते म्हणाले, "तू रोज येतीस की." याचा अर्थ काय लावायचा, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचा धंदा चालू आहे. दिग्विजयशेठच्या मागोमाग आणखी दोन दुकानं गेली, नवी आली. आता नोटेत कुणाचं नाव असेल तर ती त्या माणसाच्या घरी जाते, मजकूर त्याला मोठ्यानं वाचून दाखवते, आणि तो हो म्हणाला तरच आमच्याकडं आणते. त्यामुळं बरीच नावं गळतात. बऱ्याच नोटा पहिल्यासारख्या कोरड्या असतात. मी त्या तशाच वाचते.

एवढं सगळं होऊनही मी स्वतः आप्पांना भेटले नव्हते. माझ्याकडं कारणं होती: रोजचा कार्यक्रम, घर, मुलाची परीक्षा. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मागच्या महिन्यात स्वरूपाबरोबर गेले. तिनं माझी ओळख करून दिली, "आप्पा, ह्या मनिषाक्का. रेडिओवरच्या."

आप्पांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "दोन्ही टायमाला तुमीच वाचलासा व्हय?"

"व्हय, आप्पा."

"आवाज चांगला हाय तुमचा," ते म्हणाले. "लोकांना लगेच पटतंय."

मालुबाईंनी चहा आणला. मी माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून गेले होते, रस्ताभर मनात घोकलं होतं. पण त्यांचं बोलणं ऐकल्यावर ते वाक्य माझ्याच आवाजात म्हणायचा मला धीर झाला नाही. मी चहा प्याले, कप स्वतः विसळून ठेवला आणि स्वरूपाच्या मागं स्कूटरवर बसून परत आले.